पाचवी नोंद

एप्रिलची बारा तारीख, रविवार. हातातलं काम म्हणजे लग्नपत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं आणि पाकिटांवर नावं घालायची. लग्न गजूकाकाच्या स्वातीचं होतं, म्हणजे माझ्या चुलतबहिणीचं. पण पत्रिकांचा गठ्ठा आमच्या घरी दारव्ह्यात होता, कारण मजकूर बाबांनी केला होता आणि घरात अक्षर बरं म्हणावं असं माझंच होतं. उन्हाळ्यात आमच्या खिडक्या सकाळी दहाला लागत त्या पाचला उघडत. बाहेरून ओलं गोणपाट, आतून जाड पडदा आणि मागच्या दारात लोखंडी कूलर. त्याचा आवाज इतका मोठा की काही सांगायचं झालं तर समोरच्याकडे तोंड करून सांगावं लागे. त्या एका खोलीत आई, माझी थोरली आत्या आणि मी अशा तिघी रोज सात तास असायचो. रविवारी बाबाही. बाहेर निघायचं तर उन्हाची भीती, दुसऱ्या खोलीत बसायचं तर भट्टी. उन्हाळाभर आम्ही असेच राहायचो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं, पण ते मी बोलत नसे.

पत्रिका खाली ठेवून मी बाबांना कॉलेजचं पत्र दिलं. ते आदल्या दिवशीच मिळालं होतं, पण मी आमरसाचं जेवण होईपर्यंत थांबले होते. पोट भरलेल्या माणसाला कागद द्यावा, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. कुठलाही कागद हातात आला की ते आधी वरचा उजवा कोपरा बघत.

"जावक क्रमांक नाही," ते म्हणाले.

"पुण्याहून ईमेलनं आलं बाबा. सरांनी छापून देल्लं."

मग त्यांनी वाचलं. हिमालयातल्या एका खेड्यात तीन आठवड्यांचा अभ्यास दौरा होता, मेअखेरीला निघायचं होतं. डोंगरातले झरे कुठून येतात आणि का आटतात, हे बघायचं होतं. निरनिराळ्या गावांचे बारा विद्यार्थी निवडले होते आणि त्यात माझं नाव होतं. दौऱ्यात रोज प्रत्येकानं ब्लॉग लिहायचा. त्याची सवय व्हावी म्हणून निघण्यापूर्वी घरून पाच नोंदी लिहायच्या, आपल्या घराबद्दल आणि आपल्या पाण्याबद्दल, स्वतःच्या शब्दांत. त्या वाचल्यावरच जागा पक्की होणार होती. शेवटची तारीख अकरा मे.

"ब्लाग म्हंजे काय वं?" आत्यानं विचारलं. कमलआत्या बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची आणि घरातला कुठलाही कागद तिला विचारल्याशिवाय पुढे सरकत नसे.

"कम्प्युटरवरची वही, आत्या. कोणीबी उघडून वाचू शकते."

"कोणीबी? मंग तिले कुलूप काहून नाही लावत?"

आई हसली. बाबा हसले नाहीत. पत्रातल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "जगभर वाचतात म्हणते?"

"हाव."

"मग मजकूर बरोबर पाहिजे."

मला परवानगी मिळाली ती अशी. त्याबरोबर अटही आली: प्रत्येक नोंदीचा मसुदा आधी त्यांना दाखवायचा. तेव्हा मला ही अट फार किरकोळ वाटली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी यवतमाळच्या पलीकडे फक्त अमरावती पाहिली होती, तीही मावशीच्या बाळंतपणात. हिमालयासाठी मी कसलीही अट मान्य केली असती.

मसुद्याची रीत त्यांनी मला त्याच दुपारी शिकवली. फुलस्केप कागद उभा दुमडायचा, उजव्या अर्ध्यात लिहायचं आणि डावा अर्धा कोरा ठेवायचा. तो साहेबांचा. साहेब तिथे दुरुस्ती करतात, मग कारकून स्वच्छ प्रत काढतो आणि साहेब सही करतात. बाबांनी आयुष्यभर उजव्या बाजूला लिहिलं होतं. डाव्या बाजूला लिहायची संधी त्यांना माझ्यामुळे पहिल्यांदा मिळाली, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आता माझ्या हाताखाली चार माणसं आहेत आणि त्यांचे अहवाल माझ्याकडे येतात, तेव्हा लाल पेन उचलायला माझाही हात शिवशिवतो. पण तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की कागदाचा अर्धा भाग माझा नाही.

पहिल्या नोंदीत मी लिहिलं, "दुपारी आम्ही सगळे एका खोलीत कोंबलेले असतो." डाव्या बाजूला आलं, "ग्रीष्म ऋतूत आमचे कुटुंब एकत्रितपणे विश्रांती घेते." मी लिहिलं, "आमच्या विहिरीचं पाणी मार्चमध्येच तळाला जातं आणि आई रहाटाच्या आवाजावरून सांगते की आज किती हात दोर लागला." डाव्या बाजूला आलं, "विहिरीच्या जलपातळीत हंगामी घट होते." आईचा उल्लेख गेला.

"बाबा, आई कुठं गेली ह्याच्यातली?"

"अधिकृत लिखाणात घरच्या बाया नसतात."

"पण हे घराबद्दलच लिहाचं आहे."

"म्हणून तर सांभाळून लिहायचं."

आई समोरच बसून कैऱ्या किसत होती. तिनं मान वर केली नाही, पण म्हणाली, "राहू दे वं. मी घरात हावो तेवढंच पुरे."

ब्लॉग शिकायला मी रेहानादीदीकडे जायची. बसस्टँडसमोर कापडाच्या दुकानावरच्या माडीवर तिचा कम्प्युटर क्लास होता, पाच यंत्रं आणि एक पंखा. सकाळी सातला क्लास उघडायचा, दुपारी बंद, मग पाच ते आठ. मला पाच ते सहा वेळ ठरवून मिळाली होती आणि सोबतीला आत्या. रेहानादीदी माझ्याहून सहासात वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं आत्याला पंख्याखालची खुर्ची दिली आणि मला म्हणाली, "तुह्यी सिक्युरिटी चांगली आहे. बसू दे तिकडं, आपन काम करू."

तिनं मला खातं उघडून दिलं, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही हे बजावलं आणि ब्लॉगचं नाव विचारलं. मला "विहिरीचा काठ" हवं होतं. पण बाबांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं नाव होतं, "दारव्हा येथील विद्यार्थिनीची नोंदवही". रेहानादीदीनं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"हे ब्लॉगचं नाव हाये का शाळेच्या दाखल्याचं?"

"बाबांनी देल्लं."

"बरं. तू नाव टाक, मी काही बोलत नाही." आणि मग लगेच बोललीच. "पाह्य अर्चना, हे बटन दाबलं का तुह्यं लिहिलेलं बाहेर जाते. मंग ते वापस घेता येते, मिटवता येते, सारं होते. पण तोवर कोनी ना कोनी वाचून घेतलेलं असते. म्हनून दाबायच्या आधी इचार करायचा. दाबल्यावर नाही."

पहिली नोंद गेली. पडद्यावर माझं नाव आणि खाली "ग्रीष्म ऋतूत आमचे कुटुंब". मी ती दोनदा वाचली आणि मला काहीच वाटलं नाही. आत्या मात्र उठून आली, चष्मा पुसून पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "एवढं सारं लिहिलं अन् घरचं एकबी नाव नाही. लोकाईले समजन कसं कोनाची पोरगी हाये थे?"

घरी आल्यावर तिनं हेच बाबांना सांगितलं आणि बाबांना ते पटलं. पत्रिका नुकतीच हातावेगळी झाली होती, डोक्यात तेच होतं. आमच्याकडे लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं दोन ओळींत आटोपतात. उरलेला कागद आशीर्वाद, स्वागतोत्सुक, शुभेच्छुक आणि चिमुकल्यांचा असतो. कोणाचं नाव कोणाच्या वर हा अवघड विषय असतो आणि बाबांची त्यात ख्याती होती. त्यांनी केलेल्या पत्रिकेवरून कधी कोणी रुसलं नव्हतं. दुसऱ्या नोंदीखाली त्यांनी सव्वीस नावं दिली. पण ब्लॉग नवीन प्रकार, तेव्हा पद्धतही नवीन हवी, म्हणून त्यांनी ती अकारविल्ह्यांनी लावली. त्यामुळे माझा अरुणमामा पहिला आला आणि गजूकाका आठवा.

नोंद टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी गजूकाका आला. काका गावी राहून शेती बघायचा, कापूस आणि तूर. भर दुपारी बारा वाजता मोटरसायकलवर डोक्याला दुपट्टा गुंडाळून आला आणि दारातच बसला. स्वातीच्या होणाऱ्या दिराकडे कम्प्युटर होता. त्यानं ब्लॉग उघडून सगळ्या सोयऱ्यांना दाखवला होता. आईनं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या समोर ठेवला. काकानं तांब्या हातानं बाजूला सारला. आमच्याकडे माणूस रुसला की पहिलं पाणी सोडतो.

"दादा, मी मेलो का?"

"गजू, काय बोलतोस? पाणी पी आधी."

"पानी कायचं पिता? वहिनीच्या भावाचं नाव वरतं, अन् तुह्या पाठच्या भावाचं खालतं, पोट्ट्यासोट्ट्याईत. लग्न माह्या घरी हाये. सोयरे हासून राह्यले मले."

"अरे, ते अकारविल्हे आहे. अ आधी येतो, ग नंतर."

"माह्यं नाव ठेवतानी मले इचारलं होतं का कोनी? सांगतलं असतं तं मी अनिल ठेवून घेतलं असतं."

मला हसू आलं आणि मी ते पाकिटांच्या गठ्ठ्यामागे लपवलं. काकाला दिसलंच. "हास माय, हास. तुह्या ब्लागानं घर फोडलं."

तो पाणी न पिता परत जायला उठला, तेव्हा आईनं त्याच्या मोटरसायकलची किल्ली उचलली आणि पदराला बांधली. म्हणाली, "भाऊजी, ऊन उतरल्याबिगर किल्ली भेटत नाही. पानी पेयाचं नाही तं नका पेऊ, आत मधी बसा." काका आत येऊन कूलरसमोर बसला आणि चार वाजता त्यानं न मागता पाणी घेतलं. पाच वाजता मी आणि आत्या रेहानादीदीकडे गेलो आणि यादी बदलली. तेव्हापासून नोंदींखाली ज्येष्ठतेनुसार नावं यायला लागली. बाबांनी त्यासाठी वेगळा कागद केला होता, त्यात प्रत्येकाचं वय आणि नातं लिहिलं होतं. तिसऱ्या नोंदीत मजकूर अकरा ओळींचा आणि नावं चौदा ओळींची होती.

यानंतर अभिप्राय आले. नोंदीखाली कोणालाही काही लिहिता येतं, हे रेहानादीदीनं आत्यासमोर सांगितलं ही तिची चूक. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की प्रत्येकानं चार शब्द लिहावेत, मुलीला बरं वाटेल. लग्नात आहेर दिला नाही तर चालत नाही, तसंच हे झालं. ज्यांच्याकडे कम्प्युटर नव्हता त्यांनी बाबांनाच सांगितलं, "तुमीच आमच्या नावानं लिहून टाका." बाबांनी मजकूर करून दिला आणि रेहानादीदीच्या सायंकाळच्या मुलींनी टायपिंगचा सराव म्हणून तो एकवीस वेळा उतरवला, प्रत्येक वेळी खाली वेगळं नाव. "चि. अर्चनाची उत्तरोत्तर प्रगती होवो, हीच सदिच्छा." सगळे एकाच संध्याकाळी, सव्वापाच ते सहाच्या दरम्यान. त्यात कोणाला काही खोटं वाटलं नाही. आहेराचं पाकीट दुसऱ्याच्या हाती पाठवतातच की.

स्वातीचं लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात झालं. मांडवात मी मठ्ठा वाढत होते आणि पंगतीतली एक लांबची मावशी माझा हात धरून म्हणाली, "तूच नं थे ब्लागवाली? आमी काय परके हावो? आमच्या घरचं एकबी नाव नाही आलं." मी म्हटलं, पुढच्या नोंदीत टाकते. तिच्या शेजारणीनंही नाव सांगितलं. तिसरीनं लेकाचं सांगितलं. मठ्ठ्याची बादली हातात घेऊन मी नावं पाठ करत ओळीच्या शेवटापर्यंत गेले. त्या ब्लॉगवर माझं काय होतं, हे मला त्या पंगतीत कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी काय विचार करते, हे लिहायला जागा नव्हती. तसा विचार मी करते आहे का, हेही मला कळेनासं झालं होतं. दुपारी खोलीत कोरा कागद घेऊन बसलं की वाक्य मनात येतानाच बाबांच्या भाषेत यायचं. "सदर विहीर." "उपरोक्त झाड." डावा अर्धा भाग आता डोक्यातच तयार झाला होता.

नऊ मेला, शनिवारी, रेहानादीदीनं मला ईमेल उघडून दिला आणि आत्याला मुद्दाम खिडकीशी नेऊन खालचं नवीन कापड दाखवत उभी राहिली. मेल पुण्याच्या मॅडमचा होता. दौरा त्याच नेणार होत्या. त्यांनी सरळ लिहिलं होतं. तुमच्या चार नोंदी वाचल्या. तुमच्या कुटुंबातल्या सगळ्यांची नावं मला आता माहीत आहेत, तुम्ही कोण ते माहीत नाही. एका तासात आलेले एकसारखे एकवीस अभिप्रायही पाहिले. या नोंदी दुसरं कोणी लिहीत असेल तर मला तसं कळवा, प्रतीक्षा यादीवर एक मुलगी थांबलेली आहे. नसेल तर पाचवी नोंद सोमवारपर्यंत पाठवा. ती एकटीच मी धरीन. ती तुमची असावी.

मी ते तीनदा वाचलं. राग आला नाही. उलट, अंधाऱ्या खोलीत आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटावं आणि कोणीतरी नावानं हाक मारावी, तसं झालं.

घरी सांगायचं कसं, हा खरा प्रश्न होता. मॅडमना बाबांची भाषा नको होती. पण ती भाषा म्हणजेच बाबा होते. त्यांच्या मसुद्यांवर तीन तहसीलदार बदलून गेले होते आणि एकानंही त्यात काना-मात्रेचा बदल केला नव्हता, हे ते वर्षातून एकदा तरी सांगत. संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती अंगणात कुरडयांच्या गव्हाचं पाणी बदलत होती. तिनं आंबूस पाणी झाडाला ओतलं आणि म्हणाली, "त्याईले सांगून टाक. लपवलं तं तुलेच जड जाईन."

"रागावतीन."

"रागावतीन तं रागावतीन. तुले जायाचं हाये का नाही?"

"जायाचं हाये."

"मंग मले कायले इचारून राह्यली?"

रविवारी दुपारी सांगितलं. खिडक्या बंद, कूलर चालू, चौघं खोलीत. मी मेलचा छापलेला कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी वरचा उजवा कोपरा पाहिला नाही. सरळ वाचलं, घडी घातली, परत उघडलं आणि वाचलं. आत्या दोनदा "काय म्हनते थे पुन्याची?" म्हणाली. बाबांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ते चष्मा काढून तो जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसत राहिले.

"बाबा, पाचवी मी एकटी लिहितो. मसुदा नाही दाखवत. रागावू नका."

"त्यांचा गैरसमज झालेला आहे," ते म्हणाले.

"गैरसमज नाही बाबा. त्याईनं बरोबर वळखलं."

"गैरसमजच आहे. तो दूर करता येतो. त्याची रीत असते."

ते उठले, टेबलाशी बसले आणि लिहायला लागले. तीन तास ते उठले नाहीत. आईनं दिलेलं पन्हं पेल्यात तसंच राहिलं. पाचला खिडक्या उघडल्या तेव्हा त्यांनी मला निवेदनाची स्वच्छ प्रत दिली. दोन पानं, विषय, संदर्भ, मुद्दे, आणि खाली प्राचार्यांना प्रत माहितीस्तव. म्हणाले, "हे उद्या टाइप करून मॅडमना पाठव. कचेरीतून आलो की सहाला पाचवी नोंद ठीक करून देतो. आठपर्यंत क्लास उघडा असतो, वेळ आहे."

मी ते अंगणात बसून वाचलं. त्यांच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं लिखाण असावं. एकही शब्द जास्त नाही आणि माझ्याविषयी एकही वाकडा शब्द नाही. चौथ्या मुद्द्यात मात्र लिहिलं होतं, "सदर विद्यार्थिनीस स्वतंत्र लेखनाची सवय नाही, तथापि ती यथावकाश लागेल; तोपावेतो तिच्या पालकांनी केलेले साहाय्य क्षम्य समजावे, ही नम्र विनंती." त्यांनी हे माझ्या बाजूनं लिहिलं होतं. साहेबापुढे हात जोडून माझी जागा मागितली होती, जशी त्यांनी आयुष्यभर इतरांसाठी मागितली. आणि हे पाठवलं की माझी जागा जाणार, हे मला वाचता वाचता कळलं. न पाठवावं तर त्यांना फसवणं होणार. बाबा मला कागद देत ते पोचल्याची खातरी करत नसत. इतका त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

पुढचं आधी सांगून टाकते. मॅडमचं उत्तर बुधवारी आलं, एका ओळीचं: तिकीट काढा, गरम कपडे घ्या. मी गेले. तीन आठवडे झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरलं, मोजलं आणि रोज संध्याकाळी लिहिलं. आज जिल्ह्यातल्या विहिरींची पातळी मोजत फिरते ती नोकरी त्या वाटेनंच मिळाली. ते सगळं ठीक झालं. पण त्या दौऱ्यातली कुठलीच गोष्ट मला सोमवारच्या त्या सकाळइतकी अवघड गेली नाही.

सोमवारी मी सहाला उठले. आत्या अजून झोपली होती. आई चुलीवर कुरडयांचा चीक घाटत होती, हात भरलेले. मी विचारलं, "आत्याले उठवू का?" ती म्हणाली, "राहू दे. पाय दुखून राह्यले तिचे. तू जाय." तसे आत्याचे पाय रोजच दुखायचे. मी बाबांचं निवेदन घेतलं आणि एकटीच निघाले. सातला रेहानादीदी कुलूप काढत होती. "आज सिक्युरिटी सुट्टीवर?" म्हणाली आणि माझं तोंड बघून तिनं लगेच एक यंत्र सुरू करून दिलं.

मी कागदावर काही न लिहिता सरळ यंत्रावर लिहायला बसले. पहिला अर्धा तास "सदर" आणि "उपरोक्त" पुसण्यात गेला. मग लिहिलं की आमच्या घरी दुपारी सात तास खिडक्या बंद असतात. कूलरच्या आवाजात प्रत्येकाला दुसऱ्याचं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तो आपल्या मनानं भरतो. आई रहाटाच्या आवाजावरून विहिरीचं पाणी ओळखते आणि तिला हे कोणी कधी विचारलेलं नाही. काकानं पाणी सोडलं तेव्हा तिनं किल्ली बांधून ठेवली. आधीच्या चार नोंदी माझ्या वडिलांनी लिहिल्या. ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात, पण त्यांनी विहिरीत कधी वाकून पाहिलेलं नाही. मी पाहते. मला भीती वाटते की मी याच खोलीत बसून त्यांच्यासारखं बिनचूक लिहायला शिकेन. शेवटी मी माझं नाव घातलं.

रेहानादीदीनं मागे उभं राहून वाचलं. "अन् बाकीच्याईची नावं?"

"नाही."

"आधीच्या चार मिटवू?"

"राहू दे. त्या बाबांच्या आहेत."

तिनं माझ्या हातातल्या दोन पानांकडे बोट दाखवलं. "अन् हे टाइप करायचं हाये का?"

"नाही," मी म्हटलं आणि बटन दाबलं.

तिथून मी तहसील कचेरीत गेले. साडेदहा झाले होते. बाबांच्या टेबलापुढे दाखल्यासाठी आलेली पाचसहा माणसं रांगेत होती. मुलगी म्हणून मला पुढे जाता आलं असतं, पण मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी मान वर न करता हात पुढे केला आणि मी त्यात त्यांचं निवेदन ठेवलं. स्वतःचं अक्षर ओळखून त्यांनी वर पाहिलं.

"घरी काही झालं का?"

"काही नाही झालं. हे मी पाठवलं नाही, बाबा. पाचवी नोंद लिहिली अन् टाकून देल्ली."

बाजूच्या टेबलावरचा कारकून लिहायचा थांबला. बाबांनी निवेदनाची दोन्ही पानं वर-खाली पाहिली, पेपरवेटखाली ठेवली आणि परत हात पुढे केला. "दाखव."

"कागद नाही. वाचायची असन तं सहा वाजता माह्यासंगं वरतं क्लासात यावं लागन."

त्यांचा हात तसाच राहिला. मागचा माणूस आपला अर्ज माझ्या खांद्यावरून पुढे करत होता, त्याला उशीर होत होता. मी बाजूला झाले.